७डी मॅटिंग केल्यापासून एअरबॅगचा लाईट विझत नाही, गणपतीला गावी जायचंय, काय करू?

रंकाळाकाठ:
नमस्कार मंडळी, जरा घाईत लिहितोय. माझी २०२२ ची कॉम्पॅक्ट एसयूव्ही आहे, टॉप मॉडेल, सहा एअरबॅगवाली, ४१ हजार किलोमीटर झालेत आणि आजवर एक पंक्चर सोडलं तर काहीच त्रास नाही. गणपतीला गावी जायचं (कणकवलीजवळ, आम्ही फोंडा घाटातून उतरतो) म्हणून गेल्या रविवारी गाडी इथल्याच एका ॲक्सेसरीजच्या दुकानात दिली, ७डी मॅटिंग (म्हणजे गाडीच्या अख्ख्या फ्लोअरवर बसवायची जाड मॅट), सगळ्या सीटना जाड लेदरचे कव्हर, स्टिअरिंगला कव्हर आणि डॅशकॅम एवढं काम. सकाळी दहाला दिली, संध्याकाळी सहाला घेतली, आतनं गाडी एकदम नवी झाल्यासारखी वाटली.

घरी येताना मीटरवर लाल लाईट दिसला, बसलेला माणूस आणि त्याच्यासमोर गोल फुगा असं चित्र. दुसऱ्या दिवशी परत दुकानात गेलो तर म्हणाले साहेब सीट काढली की येतोच तो, बॅटरीची वायर काढून लावली की जाईल. लावली, नाही गेला. मग म्हणाले की मीटर खोलून त्या लाईटचा बल्बच बंद करून टाकतो, पाचशे रुपये द्या, परत कधी दिसणार नाही. मला ते काही पटेना म्हणून गाडी तशीच घेऊन आलो. शोरूमच्या वर्कशॉपला फोन केला तर सणाच्या गर्दीमुळं पुढच्या आठवड्यातली तारीख देतायत.

आणखी एक, पुढं लोखंडी गार्ड बसवायचा विचार होता, कारण घाट उतरल्यावर रात्री रस्त्यात जनावरं बसलेली असतात आणि दोन वर्षांपूर्वी आमच्या चुलतभावाच्या गाडीला म्हैस आडवी आली होती. गाडीत मी, बायको, आई आणि पाच वर्षांची मुलगी. मुलगी बहुतेक वेळा पुढं आजीच्या मांडीवर बसते. लाईट चालू ठेवून जावं का? नक्की बिघडलंय काय?

बिनधास्त_बारामती:
काय होत नाही भाऊ. माझ्या जुन्या गाडीत तीन वर्षं तो लाईट चालू आहे, दोनदा तिरुपती करून आलो. बेल्ट लावा आणि निघा, शोरूमवाले सेन्सर बदला म्हणून वीस हजाराचं बिल हातात देतील.

वायरमन_पिंपरी:
रंकाळाकाठ दादा, पहिलं म्हणजे मीटर कुणालाही खोलू देऊ नका. मी एकोणीस वर्षं ऑटो इलेक्ट्रिशियनचं काम करतो, त्यातली सात वर्षं कंपनीच्या वर्कशॉपमध्ये होतो, तिथं एअरबॅगचं रीतसर ट्रेनिंग झालंय, तेव्हा जे हाताखालून गेलंय तेवढंच लिहितो.

चावी ऑन केली की तो लाईट लागतो, त्या पाच-सहा सेकंदांत एअरबॅगचा कॉम्प्युटर सगळ्या सर्किटची तपासणी करतो आणि सगळं नीट असेल तर लाईट विझतो. तो जळत राहिला याचा अर्थ कॉम्प्युटरला कुठंतरी वायर तुटलेली, सुटलेली किंवा दुसरीकडं टेकलेली सापडली आहे. अशा वेळी कुठल्या गाडीत फक्त तेवढी एकच एअरबॅग बंद राहते आणि कुठल्या गाडीत अख्खी सिस्टिम, हे बाहेरून बघून कुणीच सांगू शकत नाही. बारामतीच्या भावांना तीन वर्षं काही झालं नाही कारण तीन वर्षं त्यांची कुठं धडक झाली नाही, देवाची कृपा, पण म्हणून एअरबॅग चालू आहे असं होत नाही.

आता तुमच्या गाडीत काय झालं असेल. ७डी मॅटिंगला पुढच्या दोन्ही सीट बोल्ट काढून बाहेर घ्याव्या लागतात. सीटखाली पिवळ्या रंगाचे कनेक्टर असतात. एक सीटच्या पाठीत बाहेरच्या बाजूला जी एअरबॅग असते तिचा, बाकी वायरी बेल्टच्या बकलच्या आणि शेजारच्या सीटवर माणूस बसलाय का हे ओळखणाऱ्या सेन्सरच्या, गाडीप्रमाणं कमीजास्त. पिवळा रंग जवळपास सगळ्या कंपन्या मुद्दाम ठेवतात, दिसला की हात आवरावा म्हणून. मॅटिंगवाली पोरं तो उपटतात, सीट बाहेर काढतात, आणि मग मध्येच कुणीतरी काच खाली घ्यायला नाहीतर गाणी लावायला चावी ऑन करतो. कनेक्टर सुटलेला आणि चावी ऑन, की कॉम्प्युटर लगेच बिघाडाचा कोड नोंदवतो, बी अक्षरानं सुरू होणारा. नंतर कनेक्टर परत बसवला तरी बऱ्याच गाड्यांत तो कोड आपणहून पुसला जात नाही, बॅटरी काढून लावली तरी जात नाही, स्कॅनर लावून पुसावा लागतो. तुमचं एवढंच असलं तर दहा मिनिटांचं काम आहे.

पण एवढंच असेल असं धरून चालू नका. त्या कनेक्टरला बहुतेक वेळा दोन लॉक असतात, कनेक्टर आत बसला की एक टक आवाज येतो आणि मग वरची छोटी पट्टी अंगठ्यानं वेगळी दाबावी लागते. ती पट्टी राहून गेली की कनेक्टर लावल्यासारखा दिसतो पण सीट मागेपुढे केली की हलतो. आणि तिसरा प्रकार सगळ्यात वाईट, सीट परत ठेवताना वायर सीटच्या पायाखाली चेपते. ७डी मॅट मूळच्या गालिच्यापेक्षा जाड असते, त्यामुळं वायरीची मूळची वाट बदलते आणि घाईत बोल्ट आवळला की काम तमाम.

आज घरच्या घरी एवढं बघा, हॉर्न वाजतो का आणि स्टिअरिंगवरची आवाज कमीजास्त करायची बटणं चालतात का. ती चालत नसतील तर घोळ सीटखाली नसून स्टिअरिंगच्या मागं आहे. तिथं क्लॉक स्प्रिंग नावाची गोल डबी असते, आत घड्याळाच्या स्प्रिंगसारखी गुंडाळलेली चपटी पट्टी, स्टिअरिंग फिरलं तरी करंट जात राहावा म्हणून. हॉर्न, बटणं आणि एअरबॅग तिघांचा करंट तिच्यातूनच जातो. कुणी स्टिअरिंग काढून डबी मधोमध न आणता परत बसवलं तर पहिल्या पूर्ण वळणाला पट्टी तुटते.

डॅशकॅमवाल्यानं करंट कुठून घेतला तेही विचारा. म्युझिक सिस्टिमच्या हार्नेसमध्ये (वायरींच्या जुडग्यात) पिवळी वायर म्हणजे बॅटरीचा कायम चालू असणारा १२ व्होल्ट प्लस, आणि इकडं पिवळं वेष्टण म्हणजे एअरबॅग. शिकाऊ मुलाचा यातच गोंधळ होतो, पिवळं दिसलं की टोचतो. डॅशकॅमची वायर काचेच्या शेजारच्या खांबातून खाली घेतात, तुमच्या गाडीत त्याच खांबात पडद्यासारखी खाली येणारी एअरबॅग आहे. वायर तिच्या मागून गेली पाहिजे. पुढून गेली तर एअरबॅग उघडताना वायर आडवी येते किंवा झटक्यानं तोंडावर उडते.

रंकाळाकाठ:
एवढं सविस्तर लिहिलंत, खूप आभार दादा. हॉर्न आणि बटणं दोन्ही व्यवस्थित चालतायत. मी स्वतः इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलाय, घरी मल्टिमीटर आहे, ओबीडीचं, म्हणजे गाडीच्या सॉकेटला लावून बिघाडाचे कोड वाचायचं, ब्लूटूथवालं छोटं यंत्रही आहे. ते लावलं तर इंजिनचा काही कोड नाही म्हणतंय. मग मी सीटखालचा कनेक्टर काढून दोन पिनांमध्ये ओहम मोजून बघू का, ओपन आहे की शॉर्ट ते तरी कळेल.

वायरमन_पिंपरी:
नाही. दादा, हात जोडून सांगतो, मल्टिमीटर लावू नका. ओहम मोजताना मीटर स्वतःच्या सेलमधून त्या सर्किटमध्ये थोडा करंट सोडतो हे तुम्हाला माहीत आहेच, आणि एअरबॅगच्या आत जी पेटवणारी तार असते ती उडायला थोडाच करंट लागतो. वर्कशॉपमध्ये आम्ही एअरबॅगच्या जागी कंपनीचा डमी लोड, म्हणजे तेवढ्याच रेझिस्टन्सचा नकली तुकडा, लावून वायरिंग तपासतो, खुद्द एअरबॅगवर मीटर कधीच नाही. आणि ते ब्लूटूथवालं यंत्र इंजिनचे कोड वाचतं, एअरबॅगच्या कॉम्प्युटरशी त्याचं बहुतेक गाड्यांत बोलणंच होत नाही, त्यामुळं त्याच्या ‘काही नाही’वर विसंबू नका.

ट्रेनिंगला असताना आम्हाला एक जुनी स्टिअरिंगची एअरबॅग मोकळ्या मैदानात पालथी ठेवून, लांबून वायर देऊन उडवून दाखवली होती. फट् असा आवाज नाही, सुतळी बॉम्ब कानाशी फुटावा तसा. ती दुमजली घराएवढी वर गेली आणि खाली आल्यावर मागची पत्र्याची डबी इतकी तापलेली की हातमोजे घालूनही धरवेना, वर पांढरी भुकटी आणि जळक्या दारूचा वास. त्या दिवसापासून मी एअरबॅग नेहमी गुळगुळीत बाजू वर करून ठेवतो, आणि हातात नेताना ती बाजू अंगापासून लांब.

कुठल्याही कारणानं पिवळ्या कनेक्टरला हात लावायचा झाला तर चावी ऑफ, बॅटरीची मायनस वायर काढायची, ती चुकून परत टेकणार नाही अशी बाजूला बांधायची, आणि मग थांबायचं. धडकेच्या पहिल्या फटक्यात बॅटरी तुटली तरी एअरबॅग उघडावी म्हणून कॉम्प्युटरच्या आत करंट साठवून ठेवणारा कपॅसिटर असतो, तो बॅटरी काढल्यावरही काही वेळ भरलेला राहतो. टोयोटाचं मॅन्युअल ९० सेकंद थांबा म्हणतं, होंडाचं ३ मिनिटं, काही कंपन्या त्याहून जास्त. मी सगळ्या गाड्यांना १० मिनिटं देतो, तेवढ्यात चहा होतो. परत जोडताना सगळे कनेक्टर बसवून झाल्याशिवाय बॅटरी नाही, आणि बॅटरी लावल्यावर पहिली चावी फिरवताना गाडीत, विशेषतः एअरबॅगसमोर, कुणी वाकलेलं नको.

वाशिष्ठीकाठचा:
मी चिपळूणचा, मला या लाईटनं चांगलंच शिकवलंय म्हणून लिहितोय. २२ जुलै २०२१ च्या पुरात आमची गाडी स्टिअरिंगच्या वरपर्यंत पाण्यात होती. त्या वेळी सगळ्या गावात गाड्याच गाड्या आडव्या पडलेल्या, कोण कुणाला विचारणार, आम्ही एका ओळखीच्या गॅरेजात दिली, त्यांनी सीट वाळवल्या, चिखल काढला, इंजिन चालू करून दिलं. आठ महिने सगळं ठीक चाललं आणि एक दिवस एअरबॅगचा लाईट लागला, मग कधी लागायचा कधी विझायचा. शेवटी रत्नागिरीला एका जाणत्या माणसानं गिअरजवळचा मधला डबा काढून दाखवलं. एअरबॅगचा कॉम्प्युटर तिथं अगदी खाली, फ्लोअरच्या पत्र्यावर बोल्टनं बसवलेला असतो, म्हणजे पाणी गाडीत शिरलं की जे आधी बुडतं त्यात तो आलाच. कनेक्टर काढला तर पिनांवर हिरवी पूड, तांब्याच्या भांड्याला पावसाळ्यात येते तशी, आणि दोन पिना बोटानं मोडल्या. आठ महिने मी पोरांना त्याच गाडीतून मुंबईला नेत-आणत होतो.

बुडालेला कॉम्प्युटर वाळवून चालत नाही, बदलायलाच लागतो, आणि एअरबॅग एकदा उडाली असेल तरी बहुतेक गाड्यांत तो बदलावाच लागतो कारण त्यात धडकेची नोंद कायमची बसलेली असते. सेकंडहँड गाडी घेणाऱ्यांनी २०१९ चा सांगली-कोल्हापूरचा पूर आणि हा आमचा, दोन्ही ध्यानात ठेवा. सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढून बघा, आतल्या भागावर चिखलाची रेघ राहते, ती कुणी धूत नाही.

वायरमन_पिंपरी:
वाशिष्ठीकाठच्या भाऊंनी बेल्टचं सांगितलं ते सोन्यासारखं आहे. त्याला जोडून एक, सेकंडहँड गाडीत चावी ऑन केल्यावर लाईट लागतच नसेल तर समजायचं बल्ब काढलाय. लागतो आणि बरोबर ऑइलच्या किंवा बॅटरीच्या लाईटबरोबरच, त्याच क्षणाला विझत असेल तरी संशय घ्या, त्याची वायर दुसऱ्या लाईटला जोडून दिलेली असते. मी अशी एक गाडी उघडली होती, स्टिअरिंगच्या झाकणाखाली एअरबॅगच नव्हती, कनेक्टरमध्ये एक छोटा रेझिस्टर खोचून वर टेप गुंडाळलेली. कॉम्प्युटरला वाटतंय एअरबॅग आहे, मालकाला वाटतंय एअरबॅग आहे. त्या काकांनी गाडी घेऊन दीड वर्ष झालं होतं. रोज नातवाला शाळेत सोडायचे. रंकाळाकाठ, तुमच्या दुकानदाराची पाचशे रुपयांची ऑफर आणि हे, दोन्ही एकच काम आहे.

मेधा_ठाणे:
लाईटचं तज्ज्ञ मंडळी सांगतीलच, पण मूळ प्रश्नात एक ओळ वाचली आणि राहवलं नाही. मुलगी पुढे आजीच्या मांडीवर बसते. कृपा करून बसवू नका, लाईट चालू असो की बंद. समोरची एअरबॅग साधारण ३० मिलिसेकंदांत पूर्ण फुगते, पापणी लवायला याच्या तिप्पट वेळ लागतो. ती बेल्ट लावलेल्या, मागे टेकून बसलेल्या मोठ्या माणसाच्या छातीसाठी केलेली असते. मांडीवरच्या मुलाचं डोकं त्या झाकणापासून वीतभर अंतरावर असतं. डिसेंबर २०२४ मध्ये वाशीला पुढच्या सीटवर बसलेला सहा वर्षांचा मुलगा एअरबॅग उघडल्यावर गेला, पेपरात सगळ्यांनी वाचलं असेल. माझा मुलगा तेव्हा सहाच वर्षांचा होता. त्या संध्याकाळपासून तो मागे, चाइल्ड सीटमध्ये, कितीही रडला तरी.

आणि डाव्या बाजूच्या डॅशबोर्डवर हात फिरवून बघा, एअरबॅग असं कोरलेलं असतं, त्या झाकणावर काही ठेवलेलं आहे का? आमच्या गाडीत बरोबर त्यावरच पितळेचा गणपती डबल टेपनं चिकटवलेला होता, शेजारी अत्तराची काचेची बाटली. सासूबाईंना समजावून सांगितलं, झाकण उघडलं तर मूर्ती कुठे जाईल ते. त्यांनी स्वतःच काढून घेतली, आता छोटा फोटो आहे, मीटरच्या डाव्या बाजूला, मधल्या भागात.

कोरेगावकर_वकील:
गार्डबद्दल माझ्याकडून. कायदा आणि सुरक्षा दोन्ही बाजूंनी नको. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ खाली आरसीवर कंपनीनं दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि डिसेंबर २०१७ मध्ये केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयानं सगळ्या राज्यांना पत्र पाठवून क्रॅश गार्ड, बुल बार यांच्यावर कारवाई करायला सांगितलंय. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२ए मध्ये बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागं पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानंही केरळच्या एका प्रकरणात गाडीच्या मूळ रचनेत बदल चालणार नाहीत असंच म्हटलंय. क्लेमच्या वेळी विमा कंपनी हेच मुद्दे काढते, आमच्याकडे अशा फायली येतात.

वायरमन_पिंपरी:
वकील साहेबांनी कायद्याचं सांगितलं, मी लोखंडाचं सांगतो. गाडीचं नाक मुद्दाम चेपण्यासाठी केलेलं असतं. ते किती जोरात आणि किती वेगानं चेपतंय हे पुढच्या आणि मधल्या सेन्सरला कळतं, त्यावरून कॉम्प्युटर ठरवतो की आत्ता उघडायची, आणि कंपनीनं हा हिशोब गाड्या धडकवून बसवलेला असतो, गार्ड नसलेल्या गाड्या. तुम्ही चेसिसला जाडजूड पाइप जोडला की तोच फटका सेन्सरपर्यंत वेगळ्या पद्धतीनं पोचतो, कधी उशिरा, कधी नको तेव्हा. उशीर म्हणजे डोकं स्टिअरिंगजवळ पोचल्यावर एअरबॅग उघडणार, जे मेधाताईंनी लहान मुलाचं सांगितलं तेच मोठ्या माणसाचं होतं. शिवाय गार्डचे ब्रॅकेट बसवताना वेल्डिंग करतात, बॅटरी न काढता. पुढचा सेन्सर काढून जरा बाजूला नाहीतर उलटा लावून टाकतात, त्याच्यावर दिशेचा बाण असतो तो कुणी बघत नाही. म्हशीची भीती खरी आहे, मी पण कोकणात जातो. उजेडात घाट उतरा, हाच त्याच्यावर उपाय.

सीट कव्हरचं राहिलंच. तुमच्या सीटच्या पाठीवर दाराच्या बाजूला छोटं कापडी लेबल होतं का, एअरबॅग लिहिलेलं? ते आता कव्हरखाली गेलं असेल. बाजूच्या एअरबॅगला समोरच्यापेक्षाही कमी वेळ मिळतो, कारण दार आणि बरगडी यांच्यात जागाच किती असते. ती सीटची शिवण फाडून बाहेर येते. वर जाड लेदर घट्ट ताणून बसवलं तर ती अडते नाहीतर भलत्या दिशेला फुगते. साइड एअरबॅगसाठी वेगळे कव्हर मिळतात, त्या जागी कच्च्या दोऱ्याची शिवण असते किंवा तेवढा भाग मोकळा सोडलेला असतो. घेताना कव्हरवर तसं लिहिलेलं आहे का बघा, दुकानदार तोंडानं हो म्हणतो त्यावर जाऊ नका. स्टिअरिंगचं कव्हर फक्त गोल कड्यावर असेल तर राहू दे, मधल्या हॉर्नच्या भागावर काहीही चिकटवलेलं नको.

मांडवीतीर:
गोव्याहून. विषय थोडा वेगळा आहे पण जुन्या गाड्यांवाले वाचत असतील म्हणून. टकाटा कंपनीच्या इन्फ्लेटरचं, म्हणजे एअरबॅग फुगवणाऱ्या धातूच्या डबीचं, प्रकरण आठवा, आत अमोनियम नायट्रेट होतं, वर्षानुवर्षं उष्णता आणि दमट हवा लागून ते बिघडायचं आणि एअरबॅग उघडताना धातूची डबीच फुटून तुकडे आतल्या माणसांना लागायचे. जगभर कोट्यवधी गाड्या परत बोलावल्या, २०१७ मध्ये कंपनीनं दिवाळखोरी जाहीर केली. आपली किनारपट्टीची हवा म्हणजे बारा महिने दमट. माझ्या काकांच्या २०१२ च्या सेडानचा चेसिस नंबर मी कंपनीच्या वेबसाइटवर टाकून बघितला तर इन्फ्लेटर बदलायचा बाकी होता, काकांनी मध्ये घर बदललं म्हणून पत्र पोचलंच नव्हतं. फुकट बदलून मिळालं, अर्ध्या दिवसाचं काम. तेव्हा ज्यांच्याकडे दहा-पंधरा वर्षांची गाडी आहे त्यांनी एकदा नंबर टाकून बघाच, गाडी दुसऱ्याकडून घेतली असेल तर नक्कीच.

बिनधास्त_बारामती:
वायरमन भाऊ, वरचं सगळं वाचलं. माझी गाडी पण सेकंडहँडच आहे, २०१६ ची. रेझिस्टरचं वाचून रात्री झोप लागली नाही. पुण्यात आणली तर बघाल का? आणि माझ्या मुलानं बेल्टची बीप बंद करायला बकलमध्ये ती बेल्टशिवायची नुसती क्लिप घालून ठेवलीय, तिनं पण काही होतं का?

वायरमन_पिंपरी:
आणा की, नक्की बघू. मेसेज करतो. क्लिप आजच काढा. काही गाड्यांत बेल्ट लावलाय की नाही हे बकलवरून बघून कॉम्प्युटर एअरबॅग कधी आणि किती जोरात उघडायची ते ठरवतो. क्लिप घातली की त्याला वाटतं माणूस बांधलेला आहे, आणि माणूस तर मोकळा. बेल्ट नसेल तर एअरबॅग उघडेपर्यंत माणूस पुढं येऊन तिच्यावरच आदळतो. २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं त्या क्लिप ऑनलाइन विकणाऱ्यांना काढून टाकायला लावल्या होत्या.

रंकाळाकाठ:
मंडळी, चार दिवसांनी लिहितोय. वर्कशॉपवाल्यांच्या मागं लागून, लहान मूल असतं गाडीत असं सांगून काल सकाळची वेळ मिळवली. स्कॅनर लावला, कोड आला ड्रायव्हर बाजूच्या साइड एअरबॅगच्या सर्किटचा. पुसला, परत आला. मग त्यांनी बॅटरी काढली आणि खरंच दहा-बारा मिनिटं नुसते थांबले, मला वायरमन दादांची आठवण झाली. सीट उचलली तर मागचा डावा पाय जिथं बसतो तिथं मॅट आणि लोखंड यांच्यामध्ये वायरीचा जुडगा. वरचं पिवळं वेष्टण चपटं होऊन फाटलेलं, आतल्या एका वायरीचं तांबं उघडं पडलेलं आणि त्याच्यावर बोल्टच्या वॉशरचा गोल ठसा. मी मोबाइलच्या टॉर्चनं दोन मिनिटं बघत उभा होतो. बायको रोज त्या सीटवर बसून ऑफिसला जाते.

त्यांना विचारलं की सोल्डर मारून टेप लावून देता का, सणापुरतं. नाही म्हणाले. बरोबर केलं का त्यांनी? पार्ट मागवलाय, दहा-बारा दिवस लागतील म्हणतायत, म्हणजे गणपती होऊन जाणार.

वायरमन_पिंपरी:
अगदी बरोबर केलं. एअरबॅगच्या वायरीला जोड द्यायचा नाही, जोडामुळं रेझिस्टन्स बदलतो आणि हलून हलून तो सुटतो, लाईट विझेल पण भरवसा राहणार नाही. त्या सीटचं अख्खं हार्नेस बदलू द्या. दुसऱ्या सीटचीही वायर कुठून गेलीय ते उचलून बघायला सांगा, मॅट एकाच माणसानं बसवलीय. आणि सीटच्या पायाजवळ मॅट चौकोनी कापून घ्या, वायरीला मूळच्या वाटेनं जागा मिळाली पाहिजे.

रंकाळाकाठ:
दुसरी सीट पण उचलली, तिथली वायर सुखरूप आहे, फक्त कनेक्टरची वरची पट्टी दाबलेली नव्हती, ती दाबली. कव्हर दोन्ही पुढच्या सीटचे काढून टाकले. डॅशकॅमची वायर खांबात पुढूनच घेतलेली निघाली, ती पण मागून घेतली. गार्डचा विषय बंद. गाडी वर्कशॉपलाच ठेवलीय, पार्ट येईपर्यंत आणत नाही.

वर्कशॉपमधून येताना त्या ॲक्सेसरीजच्या दुकानात गेलो, भांडायला नाही, फोटो दाखवायला. मालक काही बोलला नाही. ज्या मुलानं सीट बसवली तो एकोणीस-वीस वर्षांचा असेल, त्यानं फोटो मोठा करून बघितला आणि विचारलं, दादा हे पिवळं म्हणजे काय असतं, आम्हाला कुणी सांगितलंच नाही. त्याला वायरमन दादांचं लिहिलेलं सगळं वाचून दाखवलं, बॅटरी आणि दहा मिनिटांचं त्यानं दोनदा विचारून घेतलं आणि फोटो स्वतःच्या मोबाइलवर पाठवायला सांगितला.

आम्ही एसटीनं चाललोय, शनिवारची पहाटेची गाडी, चार सीट मिळाल्यात.